रिकामी दिसणारी जागा

आमच्या घरात कात्री कधी हरवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या दारामागच्या एकाच खिळ्यावर आहे. तो खिळा मी एकदा दुसरीकडे ठोकायला घेतला, तेव्हा यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भिंतच पाडायला निघाले होते. सुईदोरा कुठे, मेणबत्ती कुठे, जुन्या चष्म्याची काडी कुठे, हे यांना डोळे मिटून सांगता येतं. माझं माहेर म्हणजे सगळा पसारा. तिथे एक वस्तू शोधायला गेलं की भलतीच सापडायची. "तुमच्याकडे वस्तू राहत नाहीत, मुक्कामाला येतात," असं हे माझ्या भावाला तोंडावर म्हणाले होते. भाऊही काही कमी नाही. तो म्हणाला, "भावोजी, आणि तुमच्याकडे वस्तू नोकरी करतात!"

हे बसगाड्यांच्या आगारात स्टोअर सांभाळायचे. लांबच लांब पत्र्याची शेड, छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि त्यांच्या कप्प्यांत बेअरिंग, पट्टे, वायपर, आरसे, ब्रेकचे भाग. आगारात यांना कोणी नावाने ओळखत नव्हतं. सगळे 'कप्पा' म्हणायचे. गाडी बंद पडली, मेकॅनिक धावत आला, की कोणीतरी ओरडायचं, "कप्प्याला विचार!" आणि हे मान वर न करता सांगायचे, "तिसरी रांग, खालून दुसरा, डाव्या हाताला." स्टोअरचे यांचे नियम ठरलेले होते. जो माल आधी आला, तो आधी बाहेर जाणार. एका वस्तूला एकच जागा. तीच वस्तू दोन ठिकाणी दिसली तर समजायचं, कोणीतरी चुकलंय किंवा कोणाचा तरी डाव आहे. आणि मोकळ्या कप्प्यात नवा माल ठेवण्याआधी आत कोपरापर्यंत हात घालून बघायचं, खरंच मोकळा आहे का ते.

पुढे स्टोअरमध्ये कम्प्युटर आला. मुख्य कार्यालयातून एक तरुण इंजिनिअर आला आणि म्हणाला, आता ठरलेल्या जागा वगैरे काही नाही. माल आला की जिथे जागा मोकळी असेल तिथे ठेवायचा आणि कुठे ठेवला ते मशीनला सांगायचं. यांनी विचारलं, "म्हणजे बेअरिंगशेजारी आरसे?"

"चालेल की."

"निम्मे आरसे इथे आणि निम्मे त्या टोकाला?"

"तेही चालेल, काका. मशीनला सगळं माहीत असतं."

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. ताटावर बसून माझ्याशी नाही, पाण्याच्या तांब्याशी बोलत होते. "निम्मे इथे आणि निम्मे तिथे! त्यापेक्षा रस्त्यावर ओता म्हणावं."

आमची लेक तेव्हा शाळेत होती. ती बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची फुरसत मिळायची नाही. मी तिला रोज एकदा तरी म्हणायचे, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." हे वाक्य मी तिला किती सहज म्हणत असे! ती म्हणाली, "बाबा, आपल्या घरच्या कम्प्युटरमध्येसुद्धा असंच असतं. तुम्हाला वाटतं फाइल एका फोल्डरमध्ये आहे. पण आत डिस्कवर तिचे तुकडे असतात. जिथे जागा मिळेल तिथे एकेक तुकडा. कुठला तुकडा कुठे, त्याचा एक तक्ता मशीन स्वतःपाशी ठेवतं. फोल्डर म्हणजे नुसती पाटी."

"काहीतरीच," हे म्हणाले.

तिने यांना हाताला धरून उठवलं आणि दाखवलं. जुन्या कम्प्युटरमध्ये डिस्क आवरायचा एक प्रोग्रॅम होता. पडद्यावर बारीक बारीक चौकोन यायचे. लाल म्हणजे विखुरलेले तुकडे, निळे म्हणजे जागेवर बसलेले, पांढरे म्हणजे मोकळी जागा. प्रोग्रॅम चालू केला की लाल चौकोन एकेक करून नाहीसे व्हायचे, निळ्यांची सलग पट्टी व्हायची, आणि पांढरी जागा एका बाजूला स्वच्छ, झाडून काढल्यासारखी उरायची. हे खुर्ची ओढून बसले. डिस्क पूर्ण आवरून होईपर्यंत उठले नाहीत.

"हे कोणी केलं त्याला भेटलं पाहिजे," म्हणाले.

तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी पंखे पुसायचे, चपला लावायच्या आणि डिस्क आवरायची, असा यांचा क्रम ठरला. लेक हसायची. "बाबा, आपली डिस्क इतकी नीट आहे की तिला कंटाळा येत असेल." हे निवृत्त झाले, स्टोअरचे रॅक दुसऱ्याच्या हाती गेले, तरी हा क्रम चुकला नाही. उलट आता यांच्याकडे आवरायला तेवढंच उरलं होतं.

लेक शिकली आणि एका कुरिअर कंपनीच्या चौकशीच्या टेबलावर लागली. दिवसभर फोनवर लोकांना समजावायचं. तिला साजेशीच नोकरी. मग तिचा आवाज बसायला लागला. सुरुवातीला आम्ही म्हटलं, बोलून बोलून बसला असेल. मी काढे दिले, वाफ दिली, आणि टोमणेही दिले. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि आम्हाला बाहेरच्या खोलीत बोलावलं. स्वरयंत्रावर गाठ होती, आणि नुसती गाठ काढून भागणार नव्हतं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

मी तेच तेच विचारत राहिले. जगेल ना? बोलेल ना? डॉक्टर पहिल्या प्रश्नाला हो म्हणाले. दुसऱ्याचं उत्तर त्यांनी हॉस्पिटलच्या वाचातज्ज्ञ बाईंवर सोपवलं.

त्या बाईंनीच सांगितलं की आवाज जायच्या आधी साठवून ठेवता येतो. कागदावरची वाक्यं वाचायची, रेकॉर्ड करायची. पुढे एक प्रयोगशाळा त्यांवरून आवाज तयार करून देते. मग ती फोनवर अक्षरं टाइप करेल आणि फोन तिच्याच आवाजात बोलेल. "पण जेवढं शुद्ध रेकॉर्डिंग, तेवढा चांगला आवाज," बाई म्हणाल्या.

लेकीने आपल्या खोलीत बसून सगळी वाक्यं वाचली आणि कम्प्युटरवर रेकॉर्ड केली. 'कृपया दार उघडता का?' 'आज फार उकडतंय.' 'माझी चप्पल कुठे आहे?' असली साधी, सुटी वाक्यं. बाईंनी त्यातली थोडी ऐकली आणि कपाळाला हात लावला. छताचा पंखा चालू होता. जुना पंखा, दर फेऱ्याला एकदा कुरकुरणारा. "मशीनला पंखा वेगळा आणि तू वेगळी हे कळत नाही, पोरी," बाई म्हणाल्या. "ते दोघांनाही शिकेल."

मग पुन्हा पहिल्यापासून. पंखा बंद, खिडकीवर रजई टांगलेली, दार घट्ट लावलेलं. तिचा आवाज एव्हाना दर दिवशी थोडा थोडा फाटत चालला होता, त्यामुळे घाई होती. मी आत टॉवेल घेऊन बसायचे आणि वाक्य संपलं की तिची मान पुसायचे. हे बाहेर जिन्यात उभे. शेजारणीच्या घरात मिक्सर लागला की हे दारात जाऊन हात जोडायचे. "वहिनी, थोडं थांबता का? पोर बोलतेय." सगळी वाक्यं झाली त्यानंतर दोनच दिवसांनी तिला हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. तपासण्या, सह्या, धावपळ. ती म्हणाली, "घरी आले की पेनड्राइव्हवर टाकून देईन." त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. हे कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते, बाकड्यावरची वर्तमानपत्रं घडी करून रचत होते, शेवटी कोणाच्या तरी छत्र्या उंचीनुसार लावायला लागले. मीच म्हटलं, "अहो, घरी जाऊन या. तिचे कपडे आणा. इथे बसून तुम्ही मला वेड लावाल."

हे परतले तेव्हा ती अतिदक्षता विभागात होती आणि डॉक्टरांनी सगळं नीट झालं म्हणून सांगितलं होतं. यांचा चेहरा बराच निवळलेला दिसला. "घर आवरून आलो," म्हणाले. "कम्प्युटरही आवरला. तिने फार पसारा करून ठेवला होता." मला बरं वाटलं. या माणसाचं मन आवरल्यावरच थाऱ्यावर येतं, हे मला ठाऊक होतं.

लेक शुद्धीवर आली. गळ्यात नळी, हातात पाटी. पाटीवर तिने पहिल्या दिवशी लिहिलं, 'बाबांची मजा. आता उलट उत्तर नाही.' मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दोन-चार दिवसांनी तिने लिहिलं, 'वाक्यं आणा. बाईंना द्यायची.' हे लगेच पेनड्राइव्ह घेऊन घरी गेले.

परत आले तेव्हा मी कॉरिडॉरमध्येच होते. हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

"अगं, पंखा येतोय," म्हणाले.

"कुठला पंखा?"

"तिच्या वाक्यांत. सगळ्या वाक्यांत."

मला कळायला वेळ लागला. ऑपरेशनच्या दिवशी यांना कम्प्युटरमध्ये एकाच नावाच्या फाइलींनी भरलेले दोन फोल्डर दिसले होते. वाक्यं तीच, म्हणून नावंही तीच. तोच माल दोन ठिकाणी. स्टोअरमध्ये असं झालं की हे आधीची नोंद खरी धरायचे आणि नंतरची चुकून झालेली. तसंच इथे केलं. नंतरचा फोल्डर काढून टाकला. कचरा घरात ठेवायचा नाही म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आणि मग खुर्ची ओढून, सुट्टीच्या दिवशी करतात तशी, अख्खी डिस्क आवरली.

"ऐकून बघायचं तरी," मी म्हटलं.

"आज ऐकलं," हे म्हणाले. "त्या दिवशी तिचा आवाज ऐकवेना."

लेकीला हे कसं सांगायचं, यावर मी रात्रभर विचार केला असता. यांनी केला नाही. आत गेले, तिच्या पलंगाजवळ उभे राहिले आणि जसं झालं तसं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. पाटी उचलली, काही लिहिलं नाही, तशीच पोटावर ठेवली. मग पुन्हा घेऊन लिहिलं, 'कम्प्युटर चालू करू नका. कोणीच.'

डिस्कवरून गेलेल्या गोष्टी परत काढणाऱ्या एक बाई वाचातज्ज्ञांनी सुचवल्या. छपाईच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. टेबलावर उघड्या डिस्का, कपाळावर सरकवलेलं भिंग, कानामागे स्क्रूड्रायव्हर. यांनी आमचा कम्प्युटर टॉवेलमध्ये गुंडाळून नेला होता, तान्ह्या बाळासारखा. बाईंनी आतली डिस्क सोडवून आपल्या मशीनला लावली. "मी हिच्यात काही लिहिणार नाही, फक्त वाचणार," म्हणाल्या. मग विचारलं, "काढल्यानंतर हिच्यावर काय काय केलंत?"

यांनी सांगितलं. बाईंचा हात थांबला.

"काय झालं?" मी विचारलं. "मिळेल ना?"

"फाइल काढून टाकली म्हणजे आतला माल जात नाही," बाई म्हणाल्या. "तक्त्यातली नोंद तेवढी खोडली जाते. मशीन म्हणतं, ही जागा मोकळी. पण दुसरं काही तिथे येऊन बसेपर्यंत जुनं तसंच पडून असतं."

"म्हणजे रिकामी दिसते आणि भरलेली असते," हे म्हणाले.

"हो."

"आणि मी बाकीचा माल ओढून ओढून त्याच जागेत बसवला."

बाई एक वायर गुंडाळत राहिल्या. "सगळ्या जागेत नसेल बसला, काका."

"आवरलं नसतं तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "तेव्हाच बंद करून आणली असती, तर बहुतेक सगळं मिळालं असतं."

हे टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "आमच्या स्टोअरमध्ये मोकळ्या कप्प्यात काही ठेवायच्या आधी मी हात घालून बघायचो," म्हणाले. "बाई, यात हात कुठे घालायचा?"

अति तेथे माती, ही म्हण माझ्या जिभेवर आली होती. मी ती गिळली. जिन्यावरून उतरताना यांनी कठडा धरला. त्याआधी कधी धरलेला मला आठवत नाही.

लेक घरी आली त्याच सुमारास डिस्कवाल्या बाईंनी सापडलेल्या फाइली दिल्या. तक्ता गेल्यामुळे फाइलींना नावं नव्हती. नुसते आकडे होते, तेही उलटसुलट. काही वाक्यं सबंध होती, कारण ती डिस्कवर एका जागी सलग बसली होती आणि त्यांच्यावर काही आलं नव्हतं. काही अर्ध्यात तुटली होती. 'कृपया दार' आणि त्यापुढे कर्कश खरखर, कारण दाराचं उरलेलं वाक्य जिथे होतं तिथे आता आमच्या विजेच्या बिलाचा फोटो येऊन बसला होता, आणि तो फोटो यांनी स्वतः बसवला होता. पुष्कळ वाक्यांचा तर मागमूसही नव्हता.

प्रत्येक तुकडा ऐकून तो कुठल्या वाक्याचा हे ठरवायचं, हे काम उरलं. ते यांनी कोणाला करू दिलं नाही. सकाळचा चहा झाला की हे आणि लेक टेबलाशी बसायचे. एकच इअरफोन, त्याचं एक टोक यांच्या कानात, दुसरं तिच्या. हे वाक्य ओळखायचे, ती मान हलवायची, हे नाव द्यायचे. चुकले तर ती यांच्या मनगटावर चिमटा काढायची. मी स्वयंपाकघरातून बघायचे. तिच्या स्वतःच्या आवाजाचे तुकडे ती बापाशेजारी गप्प बसून ऐकतेय, हे बघत भाजी चिरायची म्हणजे काय, ते मी इथे सांगणार नाही.

खरखरीचे तुकडेही यांनी टाकले नाहीत. "त्यांना काय उपयोग?" मी विचारलं.

"नसू दे," हे म्हणाले. "आता मी काहीच टाकत नाही."

एके दिवशी दोघंही एकदम थांबली. यांनी मला हात केला आणि इअरफोन माझ्या कानाला लावला. ते कागदावरचं वाक्य नव्हतं. रेकॉर्डिंग बंद करायला उशीर झाला असणार. लेक म्हणत होती, "आई, लाव गं पंखा आता. मेले मी."

मी इअरफोन परत दिला. यांनी त्या फाइलला काय नाव दिलं ते मी विचारलं नाही.

वाचातज्ज्ञ बाईंनी सापडलेली वाक्यं प्रयोगशाळेला पाठवली आणि उत्तर आलं, ही पुरेशी नाहीत. तेव्हा लेकीनेच पाटीवर लिहिलं, 'पंख्यातली घाला.' बाईंनी समजावलं, पंख्याचा आवाज जेवढा गाळता येईल तेवढा गाळू, पण सगळा जाणार नाही. ती पंखा घेऊनच बोलेल. लेकीने 'घाला'च्या खाली दोन रेघा मारल्या.

आवाज तयार होऊन आला तेव्हा बाई स्वतः घरी आल्या आणि त्यांनी तो तिच्या फोनमध्ये बसवला. आम्ही तिच्याच खोलीत होतो. थंडीचे दिवस, पंखा कित्येक दिवसांत लावलेला नव्हता. हे भिंतीला टेकून उभे होते, हात पाठीमागे, मुख्य कार्यालयाचा साहेब तपासणीला आल्यावर उभे राहायचे तसे. मी बाईंना दोनदा विचारलं, नीट चालेल ना, आणि लेकीने माझ्याकडे डोळे वटारले. ती टाइप करत राहिली. खोडलं. पुन्हा टाइप केलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात लहानपणीचं ते हसू आलं, काहीतरी आगाऊ बोलण्याआधी यायचं ते.

मग फोन बोलला. आवाज तिचाच होता. थोडा पोकळ, शब्दांच्या शेवटी जरा घसरणारा, पण तिचाच. आणि त्याच्या मागे, अगदी हलकी, दर थोड्या वेळाने येणारी ती कुरकुर.

"बाबा, पंखा बंद करा."

यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. पाती स्थिर होती. लेक बिनआवाजाचं हसत होती, खांदे हलत होते. हे चालत दाराजवळच्या बटणापाशी गेले. बटण बंदच होतं. तरी यांनी त्यावर बोट ठेवलं, आणि आमच्याकडे पाठ करून तिथे उभे राहिले, ती पुढचं वाक्य टाइप करेपर्यंत.